स्तोत्रं हाती धरून प्रार्थना: नव्याने सुरुवात करणाऱ्या सोलापूरकरासाठी

आमच्या घरप्रार्थनेला कुणी नवीन आलं की निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, हळूच एक प्रश्न येतोच. "तुम्ही सगळे देवाशी एवढं घडाघडा बोलता. मला तर दोन वाक्यांपुढे सुचत नाही. नेमकं बोलायचं काय असतं?"

सुचावं लागतच नाही. बायबल मधोमध उघडलं की बहुतेक वेळा स्तोत्रसंहिता समोर येते. तिच्यात १५० स्तोत्रं आहेत. आभार, रड, तक्रार, पश्चात्ताप, संताप, झांजांचा गजर, सगळं आयतं लिहून ठेवलंय. यहुदी लोक ती म्हणत आले, येशूने म्हटली, त्याच्या शिष्यांनी म्हटली. आपण फक्त त्या ओळींत आपला आवाज मिसळायचा. मी काही पाळक नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसणारा, हिशेबाच्या वह्या लिहून पोट भरणारा माणूस आहे. ही स्तोत्रं धडपडत म्हणताना जे कळलं आणि जिथे ठेच लागली, तेवढंच इथे सांगतो.

आधी पुस्तक

बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक ख्रिस्ती घरांत असतं. नसेल तर मंडळीत विचारा, कुणीतरी देतंच. त्याची भाषा जुनी आहे. ४२ व्या स्तोत्रात हरिणी पाण्यासाठी 'लुलपते', १०३ व्यात माणूस स्वतःच्या 'अंतर्यामा'ला हाक मारतो, २३ व्यात त्याला काही 'उणे पडणार नाही'. कॉलेजातली पोरं म्हणतात, कळत नाही. सोप्या मराठीतली भाषांतरं मोबाइलवर फुकट मिळतात, अर्थ लावायला ती जरूर घ्या. म्हणायला मात्र मी जुनंच घेतो. 'लुलपणे' कळायला शब्दकोश लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सात रस्त्याच्या सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

जुन्या भाषांतरांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पुण्याच्या गाडीने जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत उतरवलं. साध्या बायाबापड्यांना वाचता यावं, हा त्यांचा हट्ट होता. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झालं. आपल्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात दावीद राजाची स्तोत्रं मराठी शिकत होती, हे मला गाडी केडगावावरून जाताना दर वेळी आठवतं.

आपल्या शहरात घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि बाजारात तिसरी चालते. स्तोत्रांचंही तसंच. तेलुगू बायबलात त्यांना 'कीर्तनलु' म्हणतात, कन्नडमध्ये 'कीर्तनेगळु', हिंदीत 'भजन संहिता', उर्दूत 'जबूर'. पूर्व भागात वाढलेल्या पुष्कळांच्या आईची प्रार्थना तेलुगूत झालेली असते. तुमचं तसं असेल तर स्तोत्र आईच्या भाषेत म्हणा. मराठी मंडळीत बसता म्हणून देवाशी मराठीतच बोललं पाहिजे, असं काही नाही.

पुस्तक उघडल्यावर तीन बारीक गोष्टी दिसतील. स्तोत्राच्या डोक्यावर लहान अक्षरात 'दावीदाचे स्तोत्र', 'आसाफाचे स्तोत्र' असं काही असतं. दावीदाचं नाव ७३ स्तोत्रांवर आहे, ९० व्यावर मोशेचं आहे. तेही वाचा, कधी कधी प्रसंग कळतो. मध्येच 'सेला' असा शब्द येतो. स्तोत्रसंहितेत तो ७१ वेळा आहे आणि त्याचा नक्की अर्थ विद्वानांनाही लागलेला नाही. बहुधा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीची ती खूण असावी. तो आला की मी एक श्वास थांबतो. तिसरी गोष्ट आकड्यांची. जुन्या कॅथलिक पुस्तकांत बरीच स्तोत्रं एका आकड्याने मागे असतात, कारण ग्रीक भाषांतरात ९ आणि १० ही दोन मिळून एकच धरली होती. त्यामुळे एखाद्या कॅथलिक मैत्रिणीचं २२ वं म्हणजे तुमचं 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' निघालं, तर गोंधळू नका.

वेळ कुठली

"पहाटे पाचला उठा" हा सल्ला मी देणार नाही. ज्यांना जमतं त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांना जमत नाही ती चौथ्या दिवशी अपराधी तोंड करून येतात.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा घरातलं सगळं बाजूला पडतं. मोटर लावा, पाइप ओढा, पिंप भरा, टाकीवर नजर ठेवा. त्या सकाळी शांत बसून प्रार्थना हे स्वप्नच. म्हणून घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला स्तोत्र बांधून टाका. चहाचं आधण ठेवलं की एक स्तोत्र. दुकानाचं शटर वर करण्याआधी एक. रात्री मोबाइल चार्जिंगला लावला की ४ थं स्तोत्र, कारण ते झोपतानाचंच आहे. देव सांभाळतो म्हणून मी निवांत झोपी जातो, असा त्याचा शेवट आहे. आणि पाणी सुटायच्या दिवशी ११७ वं. ते सबंध बायबलातलं सगळ्यात लहान स्तोत्र, दोनच ओव्यांचं, म्हणजे वचनांचं. पहिलं पिंप अर्धं होईपर्यंत आटपतं.

आमच्या प्रार्थनेला येणारी एक अक्का विड्या वळते. सूप मांडीवर, पान कात्रीने कापलेलं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक फिरकी, दोऱ्याचा वेढा. एका विडीला एक ओळ, असा तिचा हिशोब. १२१ वं तिला तोंडपाठ आहे, डोंगरांकडे डोळे लावणाऱ्या यात्रेकरूचं. सोलापुरात डोंगर कुठला, असं मी एकदा चेष्टेने म्हणालो. तिने मान वर न करता सांगितलं, "म्हणून तर वर आभाळाकडं बघायचं."

तोंडाने म्हणा

डोळ्यांनी वाचून स्तोत्र आत जात नाही. पहिल्याच स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस 'मनन' करणारा माणूस येतो. मनन म्हटलं की आपल्यासमोर डोळे मिटून गप्प बसलेला कुणीतरी येतो. मूळ हिब्रू शब्दात मात्र आवाज आहे, पुटपुटण्याचा. बायबलातल्याच यशयाच्या पुस्तकात शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहाला हाच शब्द वापरलाय. तेव्हा ओठ हलू द्या. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. कंबर तलावाच्या काठाने सकाळी चालत चालत म्हटलं तरी चालतं. फोनवर बोलताय असंच लोकांना वाटतं.

म्हणताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. प्रत्येक ओवी दोन तुकड्यांत पडते (वचनाला आपण मराठी ख्रिस्ती लोक ओवी म्हणतो, ते किती बरोबर आहे बघा). पहिल्या तुकड्यात जे म्हटलं, तेच दुसऱ्यात जरा फिरवून, जरा पुढे नेऊन परत येतं. 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर. हे माझ्या सर्व अंतर्यामा, त्याच्या पवित्र नामाचा धन्यवाद कर.' हिब्रू कवितेची वीणच अशी आहे. ज्यांनी माग पाहिलाय त्यांना जास्त समजावून सांगावं लागत नाही. धोटा इकडून तिकडे जातो आणि तसाच परत येतो, तेव्हा कुठे कापड एका दोऱ्याने पुढे सरकतं. परत येणारा धोटा फुकट आलाय असं कुणी म्हणत नाही. नवी माणसं दुसरा तुकडा 'तेच तर आहे' म्हणून गाळतात किंवा घाईत उरकतात. तसं करू नका. दोन तुकड्यांच्या मधे अर्धा श्वास थांबा. दोघं असाल तर एकाने पहिला म्हणायचा, दुसऱ्याने दुसरा.

एकदा सरळ म्हणा. दुसऱ्यांदा सावकाश. कुठली तरी एक ओळ अडकते, काटा कापडात अडकावा तशी. तिथेच थांबा. पुढचं उद्या. सबंध स्तोत्र संपवलंच पाहिजे, अशी सक्ती कुणी केलेली नाही.

तेराव्या स्तोत्राची गोष्ट

आता खरं काम. स्तोत्र म्हणणं आणि त्याने प्रार्थना करणं यांत फरक एवढाच, की प्रार्थनेत तुमचं आयुष्य त्या ओळींत येऊन बसतं. हे कसं होतं ते १३ व्या स्तोत्रावर दाखवतो. सहा ओव्यांचं लहानसं आहे. नव्या माणसाला मी हेच आधी देतो, २३ वं नंतर.

पहिल्या दोन ओव्यांत माणूस देवाला सरळ विचारतो, मला कोठवर विसरणार? तोंड कोठवर लपवणार? मूळ हिब्रूत हा 'कोठवर' चारदा येतो. इथे तुमचा स्वतःचा 'कोठवर' घाला. मोघम नको. 'हे प्रभू, आमच्या अडचणी तू जाणतोस' असं गुळगुळीत बोलायची सवय आपल्याला मंडळीत लागलेली असते. स्तोत्रकर्त्याला ती नाही. कर्जाचा आकडा सांगा. ज्या तपासणीचा रिपोर्ट यायचाय तिचं नाव घ्या. पोरगा बोलत नाही, कधीपासून बोलत नाही, ते सांगा.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे. माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड आण, नाहीतर मी गेलोच. मागताना लाजू नका, आणि देवाला कारणंही द्या. स्तोत्रकर्ता देतो. मी पडलो तर माझे वैरी नाचतील, म्हणतो.

आणि मग पाचवी ओवी. मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. सहावीत तो गायलाच लागतो. चार आणि पाचच्या मधे काय झालं? काहीच नाही. शत्रू गेला नाही, आजार बरा झाला नाही, उत्तर आलं नाही. कागदावर तिथे फक्त एक पूर्णविराम आहे.

त्या पूर्णविरामापाशी मी सहा आठवडे अडकून होतो. ज्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहायचो तो एका सोमवारी उघडलाच नाही. चार महिन्यांचा पगार अडकला. मालक फोन उचलेना. घरप्रार्थनेत माझी पाळी आली की मी १३ वं उघडायचो, चौथ्या ओवीपर्यंत म्हणायचो आणि पुस्तक मिटायचो. बाकीचे समजून घेऊन गप्प बसायचे. शेवटी अक्काने विचारलंच.

"दर वेळी चारवरच का थांबलालास रे?"

"पुढचं खोटं वाटतं, अक्का. माझा नाही आता भरवसा."

"बरं. तू चारपर्यंत म्हण की मग. पाच-सहा मी म्हणते तुझ्या वाटचं. तू नुसतं ऐक."

त्यानंतर तसंच चाललं. मी 'कोठवर' म्हणायचो आणि ती तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत भरवसा म्हणायची. एका बुधवारी माझ्या तोंडून पाचवी ओवी निघून गेली, मला घरी जाताना कळलं. पगार तेव्हाही आला नव्हता. तो पुढेही पूर्ण आला नाही.

विश्वासू राहणं म्हणजे काय, असं नवी माणसं विचारतात तेव्हा मी हेच सांगतो. विश्वासू माणसाच्या मनात शंका नसते, हे स्तोत्रांत कुठेच लिहिलेलं नाही. तो फक्त बोलणं तोडत नाही. तक्रार करतो, पण देवाकडेच करतो. आणि चौथ्या ओवीपुढे त्याला जाता येत नसेल, तेव्हा त्याच्या वाटचं म्हणायला मंडळी असते. एकट्याने घरी बसून मी स्तोत्रं म्हणेन, मंडळीची गरज काय, असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे याहून दुसरं उत्तर नाही.

स्तुती कशी करायची

हिब्रूत या सबंध पुस्तकाचं नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवनं. गंमत अशी, की आत सगळ्यात जास्त स्तोत्रं तक्रारीची आणि विलापाची आहेत. तरी ज्यांनी ती एकत्र बांधली त्यांनी नाव स्तुतीचंच दिलं. पुस्तकाचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला देवाचा धन्यवाद आहे. ८९ वं स्तोत्र बघा. देवा, दावीदाला दिलेलं वचन तू मोडलंस, असा उघड आरोप त्यात आहे, आणि लगेच खाली 'आमेन, आमेन'. पाचवा भाग संपताना तर १५० वं सगळंच्या सगळं गजर आहे. कर्णा, सतार, वीणा, डफ, झांजा, आणि शेवटी श्वास असणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण. आपल्या मंडळीत ढोलकी-पेटी वाजते, ती या स्तोत्राच्या बाहेरची मुळीच नाही. नारायण वामन टिळकांनी शंभरावर वर्षांपूर्वी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या चालीत बांधली, तीही याच ओढीने.

स्तुती करताना नव्यांची एक चूक ठरलेली. विशेषणं. 'महान, पवित्र, सर्वसमर्थ, गौरवशाली' असं ओळीने म्हणत जायचं, आणि दम लागला की आमेन. स्तोत्रं असं फार करत नाहीत. ती घडलेल्या गोष्टी सांगतात. १३६ वं घ्या. २६ ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. पहिल्या अर्ध्यात काहीतरी घडलेलं असतं: आकाश केलं, सूर्य केला, मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढलं, समुद्र दुभंगला. एक म्हणतो, बाकीचे पालुपद धरतात.

हे स्तोत्र घरी असं करून बघा. मूळ २६ ओव्या म्हणून झाल्या की आपल्या जोडा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात केलं होतं.

"पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला."

"त्याची दया सनातन आहे."

"मोठ्याला नोकरी लागली नाही, पण घर चाललं."

"त्याची दया सनातन आहे."

मग सातवीतला एक पोरगा: "गणिताचे सर रजेवर गेले."

पालुपद झालं, पण हसण्यातच.

दुसरी ओळ मात्र विसरू नका, नोकरी न लागल्याची. स्तुती केली की काम होतं, असं हल्ली फार शिकवलं जातं. एवढे दिवस एवढी स्तोत्रं म्हणा, अमुक मिळेल. त्याला मी सौदा म्हणतो, आणि १३ वं स्तोत्र सौद्यात बसत नाही. मूळ हिब्रूतला 'हेसेद' हा शब्द मराठीत कुठे 'दया', कुठे 'वात्सल्य' होऊन येतो. दिलेला शब्द पाळणारं, चिकटून राहणारं प्रेम, असा त्याचा रोख आहे. विश्वासू राहण्याचं बरंचसं काम स्तोत्रांनी देवाकडेच दिलंय. आपण त्याची आठवण त्याला करून द्यायची, आणि स्वतःलाही. १०३ व्यात तर देवाशी बोलणं जवळजवळ नाहीच. माणूस आपल्याच जिवाला बजावतो, त्याचे उपकार विसरू नकोस. मन थिजलेलं असेल त्या दिवशी हे घ्या.

स्तोत्र संपलं की 'पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव असो' म्हणायची जुनी चाल आहे. यहुदी स्तोत्र त्याने ख्रिस्ती प्रार्थना होतं. शिवाय ही येशूची स्वतःची प्रार्थना होती, हे डोक्यात राहू द्या. वल्हांडणाचं जेवण झाल्यावर शिष्यांसह गीत गाऊन तो जैतुनाच्या डोंगराकडे निघाला, असं मत्तय लिहितो. त्या सणाला ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणायची रीत होती. वधस्तंभावर तो 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' म्हणाला, ती २२ व्याची पहिली ओळ. शेवटी आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला, ती ३१ व्यातली. मरणाच्या वेळी त्यालाही दुसरे शब्द लागले नाहीत.

जी स्तोत्रं घशात अडकतात

आज ना उद्या तुम्ही १०९ किंवा १३७ वर येऊन आदळाल. शाप आहेत, भयंकर आहेत. १३७ ची शेवटची ओवी घरप्रार्थनेत लहान मुलांसमोर वाचायची माझी छाती होत नाही. ही स्तोत्रं बायबलात का, यावर वाद पुष्कळ आहेत. माझा अनुभव सांगतो. कारखान्याच्या त्या दिवसांत मी १०९ व्यात मालकाचं नाव घालून म्हटलं. एकदा, दोनदा, मोठ्याने. तिसऱ्या वेळी मला त्याच्या पोरांचे चेहरे दिसायला लागले, कारण त्या स्तोत्रात वैऱ्याच्या पोरांनाही शाप आहे. पुढे म्हणवेना. राग देवाच्या टेबलावर ठेवला होता, आणि ठेवल्यामुळेच तो केवढा आहे ते दिसलं. शत्रूंवर प्रेम करा हे येशूचं म्हणणं मला त्याआधी पाठ होतं, कळलं नव्हतं. पण नवे असाल तर ही एकट्याने उघडू नका. आणि भाऊबंदकीतल्या चुलत्याचं नाव घालण्यासाठी तर नकोच.

८८ वं वेगळं. तिथे कुणाला शाप नाही, फक्त अंधार आहे, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. पाचवी ओवी येत नाही. घरात मरण झालेल्या माणसाला 'देवाने चांगल्यासाठीच केलं' म्हणण्याऐवजी मी त्याच्या शेजारी बसून हे म्हणतो. कधी नुसता बसतो.

आपली चूक असेल तेव्हा ५१ वं. दावीदाने बथशेबेच्या बाबतीत जे केलं, आणि नाथान संदेष्ट्याने ते तोंडावर सांगितलं, त्यानंतरचं, असं त्याच्या माथ्यावरच लिहिलंय. सोबत ३२ वं ठेवा. त्यातला माणूस पाप दडवून बसलेला असतो आणि त्याच्या अंगातला ओलावा उन्हाळ्याने आटावा तसा आटतो. आपल्याला ही उपमा समजावून सांगायला नको.

कुठलं, कधी

पहिल्याच दिवशी १ पासून १५० पर्यंत ओळीने वाचायचा नेम धरू नका. मी १ जानेवारीला धरला होता, आणि मकर संक्रांतीला, गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना, कुठे होतो तेही आठवत नव्हतं. आधी सात-आठच ओळखीची करून घ्या. कामाला जाताना ९० व्याचा शेवट, 'आमच्या हातचं काम' स्थिर कर असं मागणारा. कोरड्या दिवसांत ६३ वं, पाणी नसलेल्या रुक्ष जमिनीत लिहिल्यासारखं. बाळंतपण जवळ आलेल्या घरात १३९ वं. आईच्या उदरात देवाने मला घडवलं असं ते सांगतं, आणि त्यातल्या एका हिब्रू शब्दाचा अर्थ रंगीत धाग्यांनी भरतकाम करणं असा आहे. चादरींच्या गावात हे तरी कुणाला उलगडून सांगायचं?

पुण्याला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या पोरांना मी १२० ते १३४ देतो. यरुशलेमेला वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ही पंधरा गाणी. १३२ वं सोडलं तर सगळी लहान. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला खिडकी मिळाली तर कुर्डुवाडी येईतो पंधराही होतात. त्यातलं १२६ वं मंगळवेढ्याकडच्या माणसाला जास्त कळेल. रडत पेरणारे गात कापणी करतील, असं ते म्हणतं. पेरताना रडायचं कशाला, असं शहरातली मुलं विचारतात. पाऊस नसलेल्या साली घरात उरलेली ज्वारीची शेवटची पायली भाकरीला लावायची की मातीत घालायची, हा प्रश्न ज्याने पाहिलाय तो विचारत नाही.

गोडी लागली की मग महिन्याचा हिशोब. इंग्लंडच्या जुन्या प्रार्थना-पुस्तकात १५० स्तोत्रं ३० दिवसांत विभागलेली आहेत, सकाळ-संध्याकाळ. दुसरी सोपी युक्ती तारखेची. आज ५ तारीख असेल तर ५ वं, मग ३० मिळवत जा: ३५, ६५, ९५, १२५. पाचांतलं एक निवडा. ११९ वं तेवढं एका बैठकीत घेऊ नका, १७६ ओव्या आहेत. हिब्रूच्या २२ अक्षरांवर आठ-आठ ओव्यांची कडवी आहेत, रोज एक कडवं पुरे.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, किंवा नुसताच कंटाळा. तेव्हा राहिलेली स्तोत्रं भरून काढायला जाऊ नका, ती काही थकलेली पाणीपट्टी नाही. ज्या दिवशी आठवण झाली त्या दिवसाचं म्हणा आणि पुढे चला.

एक पेन्सिल पुस्तकात ठेवा. ज्या ओळीवर अडकलात तिच्या कडेला तारीख टाका, बाकी काही लिहू नका. माझ्या बायबलात १३ व्याच्या चौथ्या ओवीच्या कडेला सहा तारखा आहेत, एकाखाली एक, सगळ्या बुधवारच्या. पाचवीच्या कडेला एकच आहे, आणि तिच्यापुढे अक्काने तेलुगूत काहीतरी लिहिलंय. मला तेलुगू वाचता येत नाही. विचारलं तर म्हणते, शिकून घे.

तेव्हा उद्यापासून १३ वं. पाण्याचा दिवस असला, तर ११७.